दीड मूठ उंचीचा ध्रुव: गोव्यातून तेजोमेघ-दीर्घिकांचे फोटो काढण्यासाठी उपकरणांची मांडणी

पहिल्या हिवाळ्यातल्या एका पहाटे, चारच्या सुमाराला, गच्चीवरून किरकिर ऐकू आली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. थोड्या वेळाने वर जाऊन पाहतो तो काउंटरवेटचा, म्हणजे कॅमेऱ्याला तोलणाऱ्या वजनाचा, दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला टेकून अडकलेला, मोटर तरीही मृग नक्षत्रामागे जायला धडपडतेय, आणि शेवटच्या तासाभराच्या सगळ्या फ्रेममध्ये ताऱ्यांच्या जागी उकड्या तांदळाची शितं. मांडणी मी व्हिडिओत पाहिली तशीच केली होती. पण तो व्हिडिओ ५० अंश अक्षांशावर राहणाऱ्या माणसाने केलेला होता आणि मी राहतो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, साडेपंधरा अंशांवर.

गोव्यात या छंदाला दोन गोष्टी वळण लावतात. एक, क्षितिजाला चिकटून बसलेला ध्रुव. दुसरी, हवेतलं पाणी. उपकरणं जगभर तीच मिळतात, पण या दोन गोष्टींचा विचार करून ती मांडली नाहीत तर चांगली दुर्बीणही वाया जाते. म्हणून खालची सगळी पद्धत या दोघांभोवती फिरते.

खरेदी: माऊंट आधी

नवा माणूस आधी दुर्बीण घेतो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते, म्हणजे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ही सरक हुबेहूब रद्द करणारं यंत्र म्हणजे विषुववृत्तीय माऊंट; त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ते डळमळीत असेल तर त्यावर काय बसवलंय याला अर्थ उरत नाही. एकूण बजेटचा निम्मा भाग माऊंट आणि ट्रायपॉडसाठी बाजूला काढा, उरलेल्यात बाकीचं बसवा.

सुरुवातीला माझा आग्रह स्टार ट्रॅकर (कॅमेऱ्यापुरतं छोटं माऊंट), तुमच्याकडे असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि एखादी १३५ मिलिमीटरची लेन्स एवढ्याचाच. स्काय-वॉचरच्या स्टार ॲडव्हेंचररसारख्या ट्रॅकरची क्षमता ५ किलो लिहिलेली असते. फोटोसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपासच थांबावं, कारण कंपनीचा आकडा 'पडणार नाही' एवढंच सांगतो, 'हलणार नाही' असं सांगत नाही. पुढे ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची छोटी अपोक्रोमॅटिक (ताऱ्यांना रंगीत कडा येऊ न देणारी) दुर्बीण घ्याल तेव्हा एचईक्यू-५ किंवा ईक्यू-६ गटातलं माऊंट लागेल. माऊंट घेताना एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा: याची अक्षांशाची पट्टी १५ अंशांपर्यंत खाली उतरते का? काही माऊंट उतरत नाहीत, आणि कळतं ते पेटी घरी आल्यावर.

कुठली लेन्स किती चुका पोटात घालते, ते एका साध्या हिशेबातून कळतं. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, लेन्सच्या नाभीय अंतराने (फोकल लेंग्थने, मिलिमीटरमध्ये) भागा. उत्तर एका पिक्सेलमध्ये मावणाऱ्या विकलांमध्ये येतं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ३.७ मायक्रोमीटरचा असतो. १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर तो पावणेसहा विकला पाहतो, ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर जेमतेम दोन. म्हणजे जी चूक लेन्सवर एका पिक्सेलच्या आत दडून जाते, तीच दुर्बिणीवर तिप्पट होऊन दिसते. पहिली दोन वर्षं लहान लेन्सवर काढावीत, ती याचसाठी. शिवाय मृगातला मोठा तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका ही सगळी मंडळी १३५ मिलिमीटरच्या चौकटीत छान बसतात.

जागा आणि तिथी

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को या पट्ट्यात पांढऱ्या एलईडीचा उजेड इतका आहे की धनुष्याच्या आकाराचा आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांना दिसतच नाही. पेडण्याकडची रात्र मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, पूर्वीसारखी राहिलेली नाही. काळोख शोधायचा तर पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी: सत्तरीत वाळपईच्या पलीकडे, चोर्ल्याच्या बाजूला, सांग्यात नेत्रावळीकडे, काणकोणच्या आतल्या गावांत.

मोले, खोतीगाव, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत. रात्री तिथे परवानगीशिवाय थांबता येत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुमची छोटी लाल बॅटरीसुद्धा तिथे नको. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे ओळखीच्या कुणाच्या गावातल्या घराचं अंगण किंवा खळं. वीज मिळते, चहा मिळतो, आणि रात्री दोनला गाडी थांबवून 'इथे काय करताय' असं कोणी विचारत नाही. जांभ्याच्या उघड्या सड्यावर जाणार असाल तर पायात गमबूट आणि हातात बॅटरी हवीच. फुरसं दगडाच्या रंगाचं असतं आणि ते आपल्यासाठी वाट सोडत नाही.

तिथीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंतच्या रात्री आपल्या. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे अर्धी रात्र मिळते. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून धूसरपणा वाढतो, मेमध्ये ढग जमू लागतात, जून ते सप्टेंबर पेटी बंद. हंगामाच्या तोंडावरच येणारी एक रात्र मात्र सोडून द्या: नरकचतुर्दशी. चंद्र जवळजवळ नाही, आकाश बहुधा स्वच्छ, आणि गावोगावी नरकासुरासमोर पहाटेपर्यंत स्पीकर, मग त्याचं दहन आणि धूर. मी एकदा प्रयत्न केला. ट्रायपॉड बासच्या ठोक्यावर नाचत होता.

दक्षिणेला उघडी जागा मिळाली तर तिचं सोनं करा. ५० अंशांवरच्या लोकांना जे कधी दिसत नाही ते आपल्याला दिसतं. ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ आपल्याकडे दक्षिणेला सुमारे २७ अंश चढतो, आणि कॅरिना तेजोमेघ मार्चच्या सुरुवातीला मध्यरात्री सुमारे १५ अंशांवर येतो. मृग तर जवळपास डोक्यावरूनच जातो, जिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो.

उत्तर कुठे आहे

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश. हात ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे गोव्यात ध्रुव दीड मूठ उंचीवर. तिथे काय असतं? शेजाऱ्यांचा माड, आंब्याची फांदी, डोंगर, आणि काही नाही तर समुद्राकडून आलेलं धुरकट. माझ्या गच्चीवरून तो कुळागरातल्या पोफळींमागे लपतो, वर्षभर.

म्हणून गच्चीवर किंवा अंगणात उत्तर-दक्षिण रेघ एकदाच, दिवसाउजेडी आखून ठेवा. होकायंत्रावर विसंबू नका. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या आणि तुमचाच ट्रायपॉड त्याला सहज चार-पाच अंश फसवतात. सूर्य फसवत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे, गोवा चौऱ्याहत्तरच्या आसपास. म्हणून आपली सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमाराला येते. पण ऋतूप्रमाणे ती पुढेमागे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२.१८ ला, फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १२.४८ ला. नेमकी वेळ कुठल्याही खगोल ॲपमध्ये सूर्याच्या याम्योत्तर-लंघनाची, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा (याम्योत्तर वृत्त) ओलांडण्याची, म्हणून मिळते. त्या क्षणी दोरीला ओळंबा बांधून टांगा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने दोरीची सावली थेट उत्तरेला पडते. त्या सावलीवर दोन खुणा करा, पट्टीने जोडा, पांढरा ऑइलपेंट मारा. आमच्याकडे ही रेघ बघून शेजारच्या काकींनी विचारलं होतं, "कितें रे, वास्तू करून घेतलें?"

ट्रायपॉड मांडताना

परदेशी मार्गदर्शकांत ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवायला सांगतात. त्यांच्याकडे ते बरोबर आहे, कारण त्यांच्या माऊंटचा अक्ष उभट असतो आणि काउंटरवेटचा दांडा पायापासून लांब राहतो. आपला अक्ष जवळजवळ आडवा. त्यामुळे खाली वळलेला दांडा जवळपास सरळ जमिनीकडे आणि किंचित उत्तरेकडे झुकतो, म्हणजे नेमका त्या पायावर. वस्तू पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असते तेव्हा दांडा या स्थितीत येतो. माझा अडकला तो मृग मावळतीकडे झुकल्यावर, ते याच कारणाने.

उपाय तीन आहेत. पहिला फुकटचा: ट्रायपॉड फिरवून एक पाय दक्षिणेला घ्या आणि उरलेले दोन उत्तरेच्या रेघेच्या दोन बाजूंना. दांड्याला मधली मोकळी जागा मिळते. काही ट्रायपॉडवर दिशेच्या स्क्रूंसाठीची खुंटी एकाच पायावर बसवलेली असते. ती काढून दुसरीकडे लावता येते का ते आधी पाहा. दुसरा उपाय, माऊंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये बसणारा उंचीचा खांब. तिसरा, एक मोठं वजन दांड्याच्या टोकाला लावण्याऐवजी दोन छोटी वजनं वर सरकवून लावणं. मी पहिला आणि तिसरा वापरतो. कुठलाही उपाय केला तरी काळोख पडण्यापूर्वी क्लच सैल करून दांडा हाताने पूर्ण घेरात एकदा फिरवा. ही दोन मिनिटं वाचवू नका.

पाय फार लांब करू नका, पण अगदी बसकेही ठेवू नका. १५ अंशांवर ध्रुव-दुर्बिणीतून (माऊंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून) पाहायचं म्हणजे गुडघे टेकून मान वाकडी करायची वेळ येते. मी चटई टाकून आडवाच होतो. काटकोनी नेत्रिका मिळाली तर मान वाचते.

पातळी बुडबुड्याने बघा. ती काटेकोर नसली तरी चालतं, पण सपाट असेल तर उंचीचा स्क्रू फिरवताना दिशा बदलत नाही आणि काम लवकर होतं. स्लॅबवर पाय नीट बसतात. मातीच्या अंगणात पायांखाली जांभ्याची किंवा फरशीची तुकडी ठेवा, नाहीतर दवाने भिजलेली माती रात्रभरात थोडी दबते आणि जुळवणी बिघडते.

तोल

आधी पूर्ण संच चढवा: दुर्बीण किंवा लेन्स, कॅमेरा, फिल्टर, दव रोखायला तापणाऱ्या ड्यू हीटरच्या पट्ट्या, सगळ्या वायरी. मगच तोल. अर्ध्या संचावर केलेला तोल हा तोल नव्हे. दांडा आडवा धरून क्लच सोडा. जड बाजू खाली जाईल, वजन सरकवा. मग दुसरा अक्ष, दुर्बीण पुढेमागे सरकवून. शेवटी वजन केसभर असं सरकवा की पूर्वेकडची बाजू किंचित जड राहील. त्याने गिअरचे दाते एकाच बाजूने टेकून राहतात आणि मोटर उड्या मारत नाही. वस्तू याम्योत्तर वृत्त ओलांडून गेली आणि दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळवली की हे पुन्हा बघावं लागतं. सगळे बघत नाहीत. मीही कधीकधी टाळतो.

ध्रुव-जुळवणी

ध्रुव दिसत असेल तर काम सोपं. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे पाऊण अंशाहून थोडा कमी सरकलेला आहे. मोबाइल ॲप त्या क्षणाला तो ध्रुव-दुर्बिणीतल्या वर्तुळावर घड्याळाच्या कुठल्या आकड्यापाशी हवा ते दाखवतं. ॲपमध्ये स्थान बरोबर आहे ना, एवढं बघून उंचीचा आणि दिशेचा स्क्रू फिरवून तारा तिथे आणा. उंचीचा स्क्रू शेवटी नेहमी वर उचलण्याच्या दिशेनेच थांबवा. खाली सोडताना थांबलात तर वजनाने माऊंट नंतर बसतं.

किती अचूक हवं? ध्रुवापासून १ कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक असेल तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला वाहतो. १० कलांची चूक म्हणजे मिनिटाला अडीच विकला. १३५ च्या लेन्सवर, २ मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये, हे एका पिक्सेलच्या आतच राहतं. म्हणून लेन्सवाल्यांनी रात्रीचा पहिला तास जुळवणीत घालवू नये. दुर्बीणवाल्यांना मात्र २-३ कलांच्या आत यायला हवं. आणि इथे कमी उंचीचा ध्रुव आणखी एक खोडी करतो: १५ अंशांवर वातावरणामुळे प्रकाश वाकून तारा खऱ्या जागेपेक्षा साडेतीन कलांच्या आसपास वर दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये वातावरणीय वक्रीभवन गृहीत धरण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा.

ध्रुव दिसतच नसेल, आणि गोव्यात बहुतेकांचं हेच असतं, तर निना या मोफत प्रोग्रॅममधली तीन बिंदूंची जुळवणी वापरा. एएसआयएअर या माऊंटवर बसणाऱ्या छोट्या संगणकातही ध्रुव न पाहता जुळवणीची सोय आहे. कॅमेरा आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागाचे तीन फोटो, मध्ये माऊंट थोडं फिरवून, घेतो. त्यातले तारे ओळखून माऊंटचा अक्ष कुठे आहे ते काढतो आणि स्क्रू किती फिरवायचा ते पडद्यावर दाखवत राहतो. पांढऱ्या रेघेवर माऊंट नीट ठेवलेलं असेल तर पाच-सात मिनिटांत काम होतं. लॅपटॉपच नसेल तर जुनी वाहण्याची पद्धत आहे: याम्योत्तर वृत्ताजवळच्या, खगोलीय विषुववृत्तालगतच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेलगतच्या) ताऱ्याकडे बघायचं. तो उत्तर-दक्षिण वाहायला लागला तर दिशा चुकली. मग पूर्वेकडच्या ताऱ्यावर तेच करून उंची दुरुस्त करायची. वेळ खाते, पण एकदा हाताने केली की यंत्र काय करतंय ते कायमचं कळतं.

कॅमेऱ्यापर्यंतची साखळी आणि फोकस

दुर्बिणीच्या मागे फील्ड फ्लॅटनर (कोपऱ्यातले तारेही नीट आणणारं भिंग) लावला तर त्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर बहुतेकांना ५५ मिलिमीटर लागतं. कॅननच्या ईएफ जातीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपासून तोंडापर्यंत ४४ असतात, कॅमेरा जोडणाऱ्या टी-रिंगचे ११, म्हणजे बरोबर ५५. मिररलेस किंवा खगोल कॅमेरा असेल तर उरलेलं अंतर स्पेसरने भरा. कोपऱ्यातले तारे ओढलेले दिसले तर आधी हे अंतर मोजा, मग दुर्बिणीला दोष द्या.

साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. मृगाचा तेजोमेघ तरीही येतो, रोझेट तेजोमेघ मात्र फिका येतो. ती काच बदलून घेतलेले कॅमेरे मिळतात, पण पहिल्या वर्षी तो खर्च नको. घर शहरात असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशा दोनच पट्ट्या सोडणारा फिल्टर तेजोमेघांवर उपयोगी पडतो. दीर्घिकांना तो फिल्टर लावू नका, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो.

फोकससाठी बाहटिनोव्ह मास्क (भिंगासमोर लावायची खाचांची जाळी) घ्या. व्याधावर किंवा अगस्त्यावर रोखा, मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा, लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी लावा. मग मास्क काढा. हे वेगळं सांगतो, कारण मास्क लावूनच चाळीस फ्रेम घेणारा माणूस मी आरशात पाहतो. किनाऱ्यावर रात्रभरात तापमान फारसं उतरत नाही, पण सत्तरी-सांग्याच्या दऱ्यांत पहाटेपर्यंत चांगलं उतरतं, तेव्हा दर दोन तासांनी फोकस तपासा.

गायडिंग

गायडिंग म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माऊंटची चूक सतत दुरुस्त करणं. १३५ च्या लेन्सला ते लागत नाही. दुर्बिणीला लागतं. १२० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी गाईड दुर्बीण, एक छोटा मोनो कॅमेरा आणि पीएचडी-२ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. गाईड दुर्बीण दोन रिंगांत घट्ट बसवा. तिची वायर लोंबकळू देऊ नका. बिघडलेल्या गायडिंगच्या निम्म्या तक्रारी लोंबत्या वायरीच्या असतात.

कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरला माऊंटची हालचाल ओळखायला लावणं) खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि याम्योत्तर वृत्तालगत करायचं असतं. आपल्याकडे विषुववृत्त दक्षिणेला साडेचौऱ्याहत्तर अंशांवरून जातं, म्हणजे जवळपास डोक्यावरून. दुर्बीण दक्षिणेला, अगदी उंच रोखा आणि तिथेच करा. नंतर पीएचडी-२ विकलांत जी एकूण चूक दाखवतं, ती तुमच्या एका पिक्सेलच्या विकलांपेक्षा कमी असली की पुरे. ०.४ च्या मागे लागून रात्र घालवणारे बरेच आहेत, त्यांचे फोटो क्वचितच दिसतात.

दव

दव हा इथला मुख्य शत्रू. हिवाळ्याच्या रात्रीही किनाऱ्याजवळ आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. हवा २० अंश असेल तर काचेला धुकं धरायला दोन-तीन अंशांचा गारवा पुरतो, आणि उघड्या आकाशाकडे तोंड करून बसलेली काच आसपासच्या हवेपेक्षा थंड होतेच. तासाभरात लेन्स दुधाळ. फोटोत आधी ताऱ्यांभोवती हलकी वलयं येतात, आपल्याला वाटतं फोकस हलला.

ड्यू हीटरची पट्टी समोरच्या भिंगाच्या अगदी मागे, घट्ट गुंडाळा आणि संध्याकाळी पहिल्या फ्रेमच्या आधीपासून चालू करा. दव पडल्यावर चालू केलेली पट्टी भिंग कोरडं करायला अर्धा तास खाते. उष्णता कमी ठेवा, भिंग हवेपेक्षा दोन-तीन अंश ऊबदार असलं की झालं. जास्त तापवलं तर समोरची हवा थरथरते आणि तारे सुजतात. पुढे लांब ड्यू शील्ड हवीच. जाड काळ्या फोमच्या शीटची घरी करता येते. गाईड दुर्बिणीलाही पट्टी लावा, ती लोक विसरतात. काच पुसायची नाही, कधीही नाही. फारच झालं तर हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, लांबून.

थंड करता येणारा कॅमेरा घेतला असेल तर त्याचं तापमान ठरवताना गोव्याचा विचार करा. असे कॅमेरे सहसा हवेपेक्षा ३५ अंशांच्या आसपास खाली जातात. जानेवारीत २० अंशांच्या रात्री उणे १० आरामात मिळतं. एप्रिलच्या २८ अंशांच्या रात्री तेच मागितलं तर तो पूर्ण ताकदीने धडपडतो आणि पोहोचत नाही. वर्षभर शून्य किंवा उणे ५ ठेवा, म्हणजे डार्क फ्रेमचा (झाकण लावून घेतलेल्या, सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या फ्रेमचा) एकच संच पुरतो. आतली कोरडी ठेवणारी गोळी हंगामाच्या सुरुवातीला तपासा, नाहीतर सेन्सरवरच हिमाचे तुरे दिसतात.

वीज

ट्रॅकर आणि डीएसएलआर पॉवर बँकवर चालतात, डमी बॅटरी घेतली की झालं. मोठ्या संचाचा हिशेब मांडा: माऊंट साधारण १ अँपिअर, थंड कॅमेरा २ ते ३, दोन पट्ट्या दीड, छोटा संगणक एक. सगळे मिळून सहाच्या आसपास, आठ तासांना ४८ अँपिअर-तास. १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६० अँपिअर-तासांची असली तर पुरते. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची वापरणार असाल तर क्षमतेच्या निम्मीच धरा, त्यापुढे ती लवकर मरते. घरातून २३० व्होल्टची वायर गच्चीवर नेत असाल तर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरूनच न्या, आणि अडॅप्टर झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. पहाटे गच्चीवर अक्षरशः पाणी साचलेलं असतं.

फ्रेम घेणे

रॉ मध्ये, आयएसओ ८०० किंवा १६००, लेन्स एफ २.८ वर. काळोख्या गावात ६० ते १२० सेकंद, पणजीच्या गच्चीवर २० ते ३०. एक चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या कडेपासून सुटून पाव-एक तृतीयांशावर आला की एक्स्पोजर पुरे. त्यापुढे वाढवून आकाशाचा उजेडच गोळा होतो. एकेका फ्रेमपेक्षा एकूण वेळ महत्त्वाचा, आणि तोही वर्गमुळाने: गोंगाटाच्या मानाने चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट वेळ द्यावा लागतो. मृगाला दोन तास द्या. देवयानीला चार दिले तर उपकार होतील. दर दोन-तीन फ्रेमनंतर चौकट काही पिक्सेल सरकवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, नाहीतर सेन्सरचे डाग तिरक्या रेघा होऊन येतात.

आकाश उजळायला लागलं की कॅमेरा काढू नका. फोकस, फिल्टर, दिशा काहीही न हलवता लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून बांधा, त्यावर टॅबलेटचा पांढरा पडदा धरा आणि हिस्टोग्राम मध्यावर ठेवून तीस फ्लॅट (लेन्सचा असमान उजेड आणि धुळीचे डाग काढायच्या फ्रेम) घ्या. मग झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस डार्क, सर्वांत कमी एक्स्पोजरचे पन्नास बायस (सेन्सरचा मूळ गोंगाट दाखवणाऱ्या फ्रेम). साध्या कॅमेऱ्यात डार्क त्याच रात्रीच्या तापमानाला घ्यावे लागतात, कारण दर सहाएक अंशांना गरम पिक्सेलांचा गोंगाट दुप्पट होतो. तोवर खाली रस्त्यावर पदेराचा भोंपू वाजतोच. पाव घ्या, चहा ठेवा, फ्रेम एकत्र रचणाऱ्या सिरिल या प्रोग्रॅममध्ये टाका. ते मोफत आहे आणि आजच्या घडीला मला पैसे देऊन घेतलेल्या प्रोग्रॅमची गरज वाटत नाही. आकाशाचा असमान उजेड काढायला जोडीला ग्रॅक्सपर्ट.

आत नेताना, आणि पावसाळ्यात

ओल्या भिंगावर झाकण लावून पेटीत टाकणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. सगळं आत आणून पंख्याखाली, झाकणाशिवाय, दोन तास ठेवा. माऊंट कोरड्या फडक्याने पुसा, किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने स्क्रू आणि पिना गंजतात म्हणून जोडण्याही. मग पेटी.

जून ते सप्टेंबर भिंगं आणि कॅमेरे ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचं आर्द्रतामापक. जेलचा रंग उतरला की ते जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या कढईत मंद आचेवर भाजून परत टाका. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, ती कढई पुन्हा पोह्यांना वापरायची नाही. माऊंट दर पंधरा दिवसांनी वीज देऊन दोन्ही अक्षांवर पूर्ण फिरवा, ग्रीस एका जागी बसत नाही. लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. चवथीची (गणेश चतुर्थीची) गडबड ओसरली की प्रत्येक भिंग बॅटरीच्या तिरक्या उजेडात धरून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. असं भिंग लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि दिवाळीपूर्वी साफ करून घ्या.